सेंट पॉलच्या ह्मोंग आणि करेन शेजाऱ्यांत कसं मिसळावं

ऑगस्टमधल्या एका सकाळी दार उघडलं, तर बाहेरच्या मुठीला प्लॅस्टिकची पिशवी लटकलेली. आत लाल देठांची अंबाडी, अजून दवाने ओली. चिठ्ठी नाही, नाव नाही. सातारा जिल्ह्यात माझ्या आईच्या परसात होती तशीच अंबाडी, आणि मी उभी होते मिनेसोटात. पलीकडच्या घरातल्या, ब्रह्मदेशातून आलेल्या करेन समाजातल्या आजींनी ती ठेवली होती हे दोन दिवसांनी कळलं. मी लगेच दुकानातून बिस्किटांचा मोठा पुडा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, मान लववली, आणि नंतर कितीतरी दिवस पिशवी आली नाही.

आज अकरा वर्षांनी मला कळतं की त्या दिवशी मी हिशेब मिटवून टाकला होता. खरं तर त्या अंबाडीची लसणाची फोडणी घालून भाजी करायची होती आणि त्यातलीच वाटीभर त्यांच्याकडे न्यायची होती. घेतलेलं लगेच फेडायचं नसतं, ते थोडं अंगावर राहू द्यायचं असतं. हे मला फार उशिरा उमगलं, म्हणून हे लिहितेय.

नोकरीनिमित्त ट्विन सिटीजला, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत येणारी आपली बरीच कुटुंबं सेंट पॉलच्या ईस्ट साइडला, मेपलवूडला किंवा रोझव्हिलला घर घेतात. आजूबाजूला ह्मोंग आणि करेन घरं असतात, लाओस आणि ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेल्या लोकांची. मग ओळखीतलं कोणीतरी मला विचारतं, "काकू, त्यांच्याशी बोलायचं तरी काय?" त्याचं माझं उत्तर जरा लांब आहे.

इतिहास वाचून जा, विचारू नका

"तुम्ही इकडे कसे आलात?" हा आपला पहिला प्रश्न असतो. आपल्यासाठी त्याचं उत्तर व्हिसा आणि कंपनीचं नाव. त्यांच्यासाठी ते उत्तर म्हणजे नदीत वाहून गेलेलं भावंड असू शकतं. म्हणून निदान एवढं आधीच माहीत करून घ्या.

ह्मोंग लोक लाओसच्या डोंगरांतले. १९६१ पासून अमेरिकेच्या सीआयएने जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली त्यांचं गुप्त सैन्य उभं केलं. शेवटी शेवटी त्यात मिसरूड न फुटलेली पोरंही होती. मे १९७५ मध्ये, युद्ध हरल्यावर, त्या सैन्याच्या लाँग चेंग इथल्या तळावरून विमानं उडाली, सेनापती आणि काही अधिकारी कुटुंबं गेली, आणि हजारो माणसं धावपट्टीवर मागे राहिली. त्यांनी जंगल तुडवलं, रात्री मेकाँग नदी ओलांडली, थायलंडमधल्या बान विनाईसारख्या छावण्यांत वर्षं काढली. मिनेसोटात पहिली कुटुंबं सत्तरच्या दशकातच पोहोचली. शेवटची मोठी लाट २००४ पासून आली, वाट थाम क्राबोक या बौद्ध मठाच्या आवारात राहिलेल्या सुमारे १५,००० जणांची. त्यामुळे एकाच गल्लीत इथेच जन्मून वकील झालेली ह्मोंग बाई असते, आणि तिच्या समोरच्या घरात वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा बर्फ पाहिलेला माणूस.

करेन ब्रह्मदेशाच्या पूर्व भागातले. तिथे १९४९ पासून करेन संघटना आणि लष्कर यांच्यात लढाई चालत आली आहे. जाळलेल्या गावांतून माणसं थायलंडच्या सीमेवरच्या नऊ छावण्यांत गेली. त्यातली सर्वात मोठी 'मे ला' नावाची. अमेरिकेने त्यांना मोठ्या संख्येने घ्यायला सुरुवात केली ती २००५ नंतर. तुमच्या शेजारची वीस-बावीस वर्षांची मुलगी छावणीतच जन्मलेली असू शकते. ती ज्या देशातली निर्वासित म्हणवली गेली, तो देश तिने कधी पाहिलेलाच नसतो.

हे दोन वेगळे समाज आहेत. भाषा वेगळ्या, देश वेगळे, आलेला काळ वेगळा. दोघांना एकाच नावाने हाक मारली की दोघंही दुखावतात. आपल्याला कोणी "तुम्ही सगळे एकच ना?" म्हटलं की कसं वाटतं ते आठवा.

युद्धाची गोष्ट कधीतरी निघेलच. बहुतेक भाजी निवडताना निघेल, आणि अर्ध्यावर थांबेल. थांबू द्या.

नावं

ह्मोंगांमध्ये परंपरेने अठरा कुळं मोजतात. वांग, यांग, शिओंग, ली, मुआ, हेर, थाओ, वू, लोर ही नावं तुम्हाला शाळेच्या यादीत, दवाखान्यात, मतपत्रिकेवर रोज दिसतील. एकाच कुळात लग्न होत नाही. सगोत्र विवाहाचा नियम आपल्याला शिकवावा लागत नाही, त्यामुळे हे आपल्या लोकांना चटकन कळतं. दोन अनोळखी यांग भेटले की ते भाऊबहीणच. लग्नानंतरही परंपरेने बाईचं कूळ माहेरचंच राहतं, म्हणून नवराबायकोची आडनावं वेगळी दिसली तर चुकीचा अर्थ काढू नका.

करेनांना आडनावच नसतं. एका घरातल्या पाच माणसांची पाच नावं, आणि एकही शब्द सामाईक नाही. नावांना सुंदर अर्थ असतात: 'पॉ' म्हणजे फूल, 'टू' म्हणजे सोनं, 'मू' म्हणजे जीवन, 'ए' म्हणजे प्रेम. पुढे लागणारं 'सॉ' आणि 'नॉ' हे आपल्या श्री आणि सौ.सारखं, पुरुष आणि बाई दाखवणारं. अमेरिकन फॉर्मवर मात्र "पहिलं नाव, शेवटचं नाव" असे रकाने. मग नावाचा शेवटचा शब्द आडनाव ठरतो आणि बाप-लेकाचं नातं सिद्ध करायला कागद लागतात. जन्मतारखेच्या रकान्यात बहुतेक वडीलधाऱ्यांच्या १ जानेवारी. आपल्याकडे शाळेत घातलेल्या पिढीची १ जून असते ना, तसंच. माझ्या वडिलांचीही १ जूनच होती. हे मी शिकवते त्या इंग्रजीच्या वर्गात सांगितलं तेव्हा करेन मंडळी पहिल्यांदा मोकळेपणाने हसली होती.

मोठ्यांना नावाने हाक मारू नका. करेन काकूला 'मुघा', आजीला 'फी', आजोबांना 'फू'. मी मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात इंग्रजी शिकवते, म्हणून मला 'थरामू' म्हणतात, म्हणजे बाई. आपल्या शाळेतल्या 'बाई' सारखंच, त्यात नाव यावं लागत नाही.

भेटल्यावर ह्मोंग शेजाऱ्याला 'न्यॉ झोंग', आभाराला 'उआ चाउ'. करेनमध्ये आभाराला 'ता ब्लु'. ह्मोंग रोमन लिपीत लिहिलेलं पाहून वाचायला जाल तर फसाल. त्यात शब्दाच्या शेवटी लिहिलेलं व्यंजन उच्चारायचं नसतं, ते सुराची खूण आहे. कानाने शिका. दोन्ही भाषांत खुशाली विचारायची ती "भात खाल्ला का?" अशीच. आपल्या "जेवलात का?" इतकंच ते सहज आहे. पण मागे चुलीवर भांडं दिसत असेल तर ते खरंच आमंत्रण असतं. तेव्हा बसा.

बाजार

पहिली ओळख घरात करू नका, बाजारात करा. कोमो अव्हेन्यूवर ह्मोंगटाउन मार्केटप्लेस आहे, २००४ मध्ये जुन्या लाकडाच्या वखारीत सुरू झालेलं. जॉन्सन पार्कवेवर ह्मोंग व्हिलेज, २०१० चं. आत शिरलात की आधी एक पूर्ण फेरी मारा. कापड, औषधी मुळ्या, रबरी चपला, फोनचे गाळे, आणि मग जेवणाचे. खिशात रोख पैसे ठेवा.

कच्च्या पपईचं सॅलड उखळात कुटून मिळतं. मिरच्या किती ते विचारतात, आपण शूरपणा न करता दोन सांगाव्यात. शाकाहारी असाल तर त्यात मासळीचा सॉस असतो आणि बहुधा आंबवलेला खेकडाही. "नको" म्हटलं तर बरेच जण वेगळं कुटून देतात, पण उखळ तेच असतं, हे लक्षात ठेवा. जांभळा चिकट भात, आणि नारळाच्या दुधातलं साबुदाण्यासारख्या दाण्यांचं गार 'नाबवाम' घरातल्या सगळ्यांना चालेल.

भाजीवालीकडे कारल्याचे कोवळे शेंडे, भोपळ्याच्या वेलाची टोकं, केळफूल, गवती चहा, चवळीच्या हातभर शेंगा असतात. "हे कसं करता?" एवढा एक प्रश्न विचारला तरी ओळख सुरू होते. माझी इथली सर्वात जुनी मैत्रीण मला केळफुलाच्या ढिगाजवळ भेटली. मी ते सोलून ताकाच्या पाण्यात घालते हे ऐकून तिला नवल वाटलं होतं.

वाफा

मन मोकळं होतं ते मात्र वाफ्यावर. शहरात सामुदायिक बागा आहेत. हिवाळ्यातच चौकशी करून नाव घालून ठेवा, वसंतात जागा उरत नाहीत. ह्मोंग आणि करेन वडीलधाऱ्यांसाठी ही जमीन छंदाची नाही. आयुष्यभर शेती केलेला माणूस अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर बसून असतो, इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, नातवंडं फोनमध्ये. वाफ्यावर आला की तो पुन्हा जाणता होतो, आणि शिकणारे आपण असतो.

घराच्या परसात लावणार असाल तर आधी माती तपासून घ्या. ईस्ट साइडची घरं जुनी, १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असायचं आणि ते भिंतीलगतच्या मातीत उतरतं. मिनेसोटा विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा ही तपासणी करून देते. आजींना हे सांगायचं तर मी कागद दाखवला नाही. स्वतःची माती तपासायला नेताना त्यांच्या परसातलीही एक पिशवी भरून नेली.

अंबाडी, मिरची, कारलं यांची रोपं एप्रिलमध्ये घरातच करायला घ्या. बाहेर लावायची ती मेच्या अखेरीस. मेच्या मध्यापर्यंत दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडू शकतं आणि एका रात्रीत सगळं काळं होतं. अंबाडीला फुलावर यायला लहान दिवस लागतात, आणि इथे दिवस लहान होईतो थंडी येते. म्हणून बोंडांची आशा सोडा, पाल्यासाठी लावा. करेन बायका झाड उपटत नाहीत, वरचे शेंडे खुडत राहतात, त्यामुळे ते फुटत राहतं. पाला बांबूच्या कोंबांबरोबर शिजवतात. मी आपली डाळ-तांदळाच्या कण्या घालून केलेली अंबाडी नेली, तेव्हा आजींनी आधी वास घेतला, मग चिमूट तोंडात टाकली, मग उठून मासळीची आंबवलेली पेस्ट आणली आणि त्यात मिसळली. मी शाकाहारी. मला ती परत खाता आली नाही, आणि ते मी हात जोडून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. तेव्हापासून त्या माझी वाटी वेगळी काढतात.

गावाकडून बियाणं बॅगेत घालून आणू नका. परवानगीच्या कागदपत्रांशिवाय ते आणणं बेकायदा आहे आणि विमानतळावर जप्त होतं. लागणारी सगळी बियाणं इथेच शेजारच्या वाफ्यात आहेत. मागा. मागणं हा इथे मान असतो.

ज्यांना वाफा जमणार नाही त्यांनी उन्हाळ्यात शनिवार-रविवारी डाउनटाउनमधल्या सेंट पॉल फार्मर्स मार्केटला जावं. तिथे बरेच विक्रेते ह्मोंग शेतकरी आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या ह्मोंग अमेरिकन फार्मर्स असोसिएशनची डकोटा काउंटीत १५५ एकर जमीन आहे, तिथे अनेक कुटुंबं पिकवतात. भाव करू नका. पहाटे तीनला उठून आलेली माणसं असतात ती.

बाळंतीण आणि बाळ

ह्मोंग घरात बाळ झालं तर डिंकाचे लाडू नेऊ नका. परंपरा पाळणाऱ्या घरात बाळंतीण तीस दिवस फक्त औषधी पाल्यात उकडलेली कोंबडी, गरम भात आणि गरम पाणी घेते. तांदळाची गोणी न्या. बाळाकडे पाहून "किती गोड, किती गुटगुटीत" म्हणू नका, कुणाचं तरी लक्ष जातं असं मानतात. मी म्हटलं होतं, आणि आजीचा चेहरा उतरलेला पाहिला. आपल्याकडे तीट लावतात ते मला तेव्हा आठवायला हवं होतं. बाळाच्या डोक्यावर हातही ठेवू नका. आणि दारावर हिरव्या फांद्या किंवा बांबूची विणलेली खूण लटकलेली दिसली तर बेल न वाजवता परत फिरा. आत विधी झालेला असतो, परक्याने जायचं नसतं.

धागा

दोन्ही समाजांत मनगटावर पांढरा धागा बांधतात, आणि दोन्हीकडे कारण एकच: भ्यालेला, भरकटलेला जीव शरीरात परत यावा. इतक्या सीमा ओलांडून आलेल्या माणसांना जीव मागे राहिल्याची भीती वाटली तर त्यात काय नवल.

करेनांचा हा सण ऑगस्टमध्ये असतो, सार्वजनिक असतो, आणि तुम्ही खुशाल जाऊ शकता. सात वस्तू मांडलेल्या असतात: गार पाणी, पांढरा धागा, भाताचे गोळे, त्रिकोणी पुडीतला चिकट भात, केळी, ऊस आणि फुलांची डहाळी. लांब पांढरा अंगरखा घातलेल्या मुली दिसतील, त्या अविवाहित. लग्न झालेल्या बायका वेगळा सदरा आणि खाली लुंगी नेसतात. ख्रिस्ती करेन कुटुंबांपैकी सगळीच या विधीला येतात असं नाही, म्हणून "तुम्ही का नाही आलात?" असं विचारू नका.

ह्मोंगांकडे घरी बोलावतात. आजारपणानंतर, बाळासाठी, लांबच्या प्रवासाआधी. बोलावणं आलं तर जा. चपला दारात. हात पुढे करून स्वस्थ बसा, म्हातारी माणसं एकेक धागा बांधतील. आधी धागा हातावरून बाहेरच्या बाजूला फिरवतात, वाईट झाडून टाकायला, मग आत, चांगलं आणायला. तुम्हालाही कुणाला बांधायला सांगितलं तर घाबरू नका. आशीर्वाद कुठल्या भाषेत द्यायचा याचा नियम नाही. मी पहिल्यांदा बांधला तेव्हा तोंडातून "औक्षवंत हो" एवढंच आलं, आणि समोरच्या पोराने मान डोलावली. धागा घरी येऊन कात्रीने कापू नका. निदान तीन दिवस राहू द्या.

मयत

लग्नाला गेला नाहीत तरी चालेल, मयताला जा.

परंपरेने होणारा ह्मोंग अंत्यविधी तीन-चार दिवस अखंड चालतो, रात्रंदिवस, खास त्यासाठीच्या सभागृहात. आठवड्याच्या शेवटी तारीख मिळायला कुटुंब कधी कधी कित्येक आठवडे थांबतं. तुम्ही शनिवारी दुपारी तासभर गेलात तरी पुरे. पाकिटात पैसे घाला, दाराजवळच्या टेबलावर द्या, तिथे वहीत नाव आणि रक्कम लिहितात. आहेर लिहिताना आपण लिहितो तसंच, आणि त्याच कारणाने: उद्या तुमच्या घरी वेळ आली तर त्यांना यायचं असतं. घरचे पुरुष गुडघे टेकून वाकून आभार मानतील. अवघडू नका, उभे राहा, मान लववा.

मोठा ढोल आणि 'कें' नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजत असेल. वाजवणारा गोल फिरत, वाकत वाजवतो. ते नुसते सूर नाहीत. भाषा सुरांची असल्याने वाद्यातून शब्द निघतात आणि जाणत्याला ते कळतात. त्यासोबत एक गाणं म्हणतात, जे मृताला वाट दाखवतं. सेंट पॉलचं घर, त्याआधीचं घर, छावणी, नदी, लाओसमधलं एकेक गाव, असं उलट चालत ते त्याला जन्मलेल्या घरापर्यंत नेतं, जिथे त्याच्या जन्माच्या वेळी पडलेली वार पुरली आहे. मुलाची घराच्या मधल्या खांबाशी, मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली. तिथून ती अंगरख्यासारखी घालूनच पुढे जायचं. 'जिथे नाळ पुरली' असं आपण म्हणतो, मी आयुष्यभर म्हणत आले, पण त्या सभागृहात बसून कुणीतरी खालच्या आवाजात मला गाण्यातल्या एकेका मुक्कामाचा अर्थ सांगितला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तेराव्या दिवशी जिवाला घरी जेवायला बोलावतात. त्या दिवशी काही न बोलता भाताचं मोठं पातेलं घासून दिलंत तरी तुमची आठवण राहील.

फोटो काढू नका. कुटुंब ख्रिस्ती असेल तर विधी चर्चमध्ये आणि लहान असेल. जेवण मात्र दोन्हीकडे असतं, आणि जेवल्याशिवाय निघायचं नाही.

पत्रं, कागद, दुभाषी

ओळख वाढली की पाकिटं घेऊन माणसं दारात येतात. विमा, शाळा, घरभाडं, नागरिकत्व. वाचून द्या, पण सही कुठे करायची हे तुम्ही ठरवू नका. करेनांसाठी २००८ पासून काम करणारी करेन ऑर्गनायझेशन ऑफ मिनेसोटा आहे, ह्मोंगांसाठी युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरचं ह्मोंग कल्चरल सेंटर आहे. तिथे भाषा येणारी माणसं आहेत. पंचावन्न वर्षांपुढचा माणूस पंधरा वर्षं ग्रीन कार्डवर असेल तर नागरिकत्वाची परीक्षा स्वतःच्या भाषेत देता येते, ही गोष्ट बऱ्याच आजी-आजोबांना माहीत नसते. तेवढं सांगा.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एकदा एका आजींचं दवाखान्याचं पत्र मी वाचलं आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीला म्हटलं, आजीला सांग. पत्र गाठीच्या तपासणीचं होतं. मुलगी मध्येच थांबली, माझ्याकडे बघत राहिली. तिला करेनमध्ये तो शब्द येत नव्हता, पण इंग्रजीत कळला होता. लहान मुलांना दुभाषी करू नका. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना मोफत दुभाषी द्यावाच लागतो. फोन करून फक्त भाषेचं नाव सांगायचं, 'स्गॉ करेन' (इथल्या बहुतेक करेनांची भाषा) किंवा 'ह्मोंग', आणि थांबायचं. फोन तुम्ही लावून द्या, बोलू त्यांना द्या.

सप्टेंबरच्या अखेरीस हवामानखातं दहिवराचा इशारा देतं. त्या संध्याकाळी जुन्या चादरी घेऊन वाफ्यावर जा. प्लॅस्टिक नको, पानांना चिकटून ती करपतात. आधी मिरच्या खुडा, कितीही हिरव्या असोत. मग अंबाडीवर चादर टाका, कडांना दगड ठेवा. दोन चादरी जास्तीच्या न्या. आजींच्या वाफ्यावर टाका, आणि सांगायला जाऊ नका.